क्लॅरिनेटवाल्याची सोयरीक

कापूस बुडाला त्या वर्षांत लग्नं साधीच व्हायची, बँडला कोणी बोलवत नव्हतं. तशात माझ्या पोरीला पाहायला पांढरकवड्याहून पाहुणे आले.

मुलाच्या बापाने विचारलं, “क्लॅरिनेट वाजवता, समजलं. पण काम काय करता?”

“हेच काम.”

त्याने बायकोकडे पाहिलं. सोयरीक मोडली, असं मी धरून चाललो.

तेवढ्यात त्याची बायको त्याला म्हणाली, “आपल्या वरातीत यायनंच वाजवलं होतं. तुमी नाचत राह्यले, मुहूर्त टळला. तवा काहून नाही विचारलं?”

तो हसला. सोयरीक जमली. निघताना मला म्हणाला, “मंग पोराच्या वरातीतही तुमीच वाजवा.”

मी म्हणालो, “बँड दुसरा पाहा. त्या दिवशी मले मांडवाच्या दारात काम आहे. मी पोरीचा बाप.”