मधली फळी

…नाही नाही, उठू नका चुडामणभाऊ, बसा तसेच. पाय तेवढा जवळ घ्या — चावत नाही हो, कासव आहे, पण अंगठा हलला की काहीतरी खायचं पडलंय असं वाटतं त्याला. बाजेवर मिरची वाळत घातलीय, तुम्हाला धड बसायलाही दिलं नाही मी, पाणी आणायला आत गेले तेवढ्यात तुमचं तुम्हीच खाली टेकलात, बरं केलंत. हिरीचं आवरतंय. आवरतंय म्हणजे काय, झालंच आहे, पहाटेपासून गाठोडं बांधून बसलीय — मीच म्हटलं जरा थांब, पाव्हणे आत्ताच आले, बैलांना पाणी तर पिऊ दे. उन्हं उतरायच्या आत तापीची नाव गाठायची, ठाऊक आहे मला. आखाजीचा सण, माहेरपण झालं की हिरीला न्यायला यायचं हे ठरलंच होतं, जावयाचे, दलपतचे चुलते म्हणून तुम्ही आलात, यात तुमचं काही चुकलं नाही. झोका अजून लिंबावर तसाच आहे, सोडायचा राहिला. — चहा ठेवू? नको? बरं.

हा एकटाच का हिंडतो म्हणता? एकटा कुठला, बायको आहे त्याची, ती तिकडं तुळशीमागं. ती चांगली थोराड आणि हा एवढासा, तरी तोरा बघा त्याचा. हिरीच्या वडलांना सापडली ही दोघं, रुळालगत. रेल्वेच्या गँगबरोबर खडी भरायला गेले होते, डोक्याच्या फडक्यात बांधून घेऊन आले. पाठीवर चांदण्या आहेत ना, त्याला भुलले. मी म्हटलं, या चाळीत माणसांना जागा नाही, एखादं तरी सोडून या. तर म्हणतात कसे — जोडी शे ती, जोडी तोडानी नही. मी मनमाडकडची हो, इतकी वर्षं नंदुरबारला काढली तरी माझी जीभ तुमच्या बोलीला वळली नाही, हिरी मात्र शे-शेच करते तुमच्यासारखी. तर, जोडी. ठेवली. आणि आभाळ भरून आलं, वारं फिरलं, की हा तिच्या मागं लागायचा — पाठीवर पाठ आपटायचा, ठक ठक ठक, दार कुणी वाजवतंय म्हणून मी उठून जायची — आणि ती बिचारी भिंतीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभी. पुढं भिंत, मागं हा. करणार काय ती? पाठीवर एवढं ओझं घेऊन पळणार कुठं?

मग अंडी. पहिल्या खेपेला मला कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. मागच्या पायांनी माती उकरली तिनं, ओली केली, अंडी घातली, वर पुन्हा माती थापली, अगदी सारवल्यासारखी. पावसाळ्यानंतर पिल्लं निघाली, रुपयाएवढी, आणि कावळ्यांनी नेली. मी काठी घेऊन धावते तोवर नेली. तेव्हापासून म्हटलं, आता नको. विटा लावल्या मध्ये — तर हा चढतो. डालगं पालथं घातलं त्याच्यावर, कोंबडीला घालतो तसं — तर डालग्यासकट चालत जातो तिच्याकडं, अख्खी चाळ हसली. तळोद्याकडचा लाकूडवाला येतो, त्याला म्हटलं घेऊन जा बाबा, डोंगरात सोड. तर ह्यांनी स्टेशनाच्या वळणावर गाडी अडवून परत आणला. जोडी तोडानी नही.

आणि मागच्या वर्षी तिला अंडं अडलं. अडतं हो, त्यांनाही अडतं. खाणं सोडलं, मागचे पाय ओढत फिरायची, नुसती माती उकरायची आणि थांबायची, उकरायची आणि थांबायची. मी कोमट पाण्यात बसवली, एरंडेल लावलं, काय काय केलं. शेवटी आलं, पण आतल्या आत फुटलेलं. हिरी तेव्हा नुकतीच मिशनच्या दवाखान्यातून आलेली, उठवत नव्हतं तिला, तरी ओट्यावर येऊन बसली आणि त्या कासवीला मांडीवर घेतलं. पदरानं तिची पाठ पुसत राहिली. मी बोलले, ह्यांना बोलले — तोंडाला येईल ते बोलले त्या दिवशी. मग त्यांनी एका पेटीची जाड फळी आणली, भिंतीपासून तुळशीपर्यंत उभी अडकवून ठेवली. ती मात्र याला चढता येत नाही. तेवढी एक फळी आहे म्हणून माझ्या जिवाला शांतता आहे. तशी अंडी अजून येतातच, एकदा नर लागला की पुढं कितीतरी दिवस ती आत धरून ठेवते म्हणे. येतात ती मी उकरून काढते. पण रोजचा तिचा छळ तर थांबला.

तुम्ही खाली बघू नका असं. मी कासवांचंच बोलतेय.

हिरीचं तुम्हाला ठाऊकच आहे. पहिलं पोर रडलंच नाही, दुसरंही नाही. पण दवाखान्यातली बाई मला बाजूला घेऊन काय म्हणाली ते तुम्हाला कुणी सांगितलंय का? ती म्हणाली, हिला पुन्हा दिवस राहू देऊ नका, आता राहिले तर मी हिला वाचवू शकणार नाही. मी दलपतला सांगितलं, स्टेशनावर, गाडी यायच्या आधी. मुलगा वाईट नाही, मी त्याला वाईट म्हणणार नाही. मान हलवली त्यानं. डोळेही भरले. पण मान हलवून काय होतं भाऊ? घर तेच, खोली तीच. आणि तुमच्या वहिनी, हिची सासू, म्हणतात बाधा आहे, धागा बांधू, तिसरं जगेल. आणि हिरीला विचाराल तर ती आधी धागा बांधून घेईल. मी तिला सगळं सांगितलं, बाई म्हणाली तसं, एक शब्द गाळला नाही. तर हसून म्हणते — माय, मी जास, तू चिंता नको करू. तिला जायचंय. दलपत आवडतो तिला, त्याचा निरोप आला की दिवसभर गुणगुणते. मी अडवू कुणाला?

चुडामणभाऊ, एक सांगू? मी बोलायचं नाही हे, तुम्ही पुरुष माणूस, नात्यानं असे — पण तिचे वडील मुद्दाम सकाळीच लायनीवर निघून गेलेत, त्यांना हे बघवत नाही, मग मीच बोलणार ना. तिची खाट सासूजवळ टाकायला सांगा. एवढंच. वर्षभर तरी. दलपतला शेताच्या राखणीवर झोपू द्या. तुम्ही घरातले मोठे, तुमचा शब्द चालतो. — काही म्हणू नका, कळलं मला. तुम्ही तरी काय सांगणार, कुणाच्या तोंडानं सांगणार. घरच्या माणसांना असलं सांगता येत नाही. मला मेलीला भीती वाटते म्हणून मी काहीही बडबडतेय. रात्रंदिवस भीती वाटते.

आणि मला आता ओटी भरायचीय तिची. माझ्याच हातानं. गहू, नारळ — पुढच्या खेपेला कडेवर पोर घेऊन ये म्हणून भरायची ओटी, दुसरं काय असतं त्यात? मी ठरवलं होतं, नारळ घालायचा नाही. आणलाच नव्हता. विसरले म्हणणार होते. तर आत्ता पाण्याला आत गेले तेव्हा हिरी विचारते — माय, नारय कोठे शे? मी म्हटलं, राहिला गं आणायचा. तर कोनाड्यातून काढून दाखवला. तिनंच कालच्या बाजारातून आणून ठेवला होता, शेंडी बघून, हलवून बघून. मला म्हणाली, तू विसरशील हे मला ठाऊक होतं.

आले गं, आले. हळदीकुंकू घे बाहेर.

चला भाऊ, बैल — हा कुठं गेला? आत्ता तुमच्या पायाशी होता की. बाजेखाली नाही… तुम्ही उठा बघू जरा. ही फळी. ही कुठून घेतलीत बसायला? तुळशीजवळून?

ठक ठक चाललंय. ऐकू येतंय ना तुम्हाला? कोपऱ्यात घातलंय तिला.

नको, असू द्या. नका धावू. तुम्हाला काय माहीत, बसायला काही नव्हतं म्हणून घेतलीत. आता लावून तरी काय. राहू द्या ती तिथंच. तुम्ही बैल जुंपा.

ये हिरी. पदर धर.