एकशे चव्वेचाळीस कार्डं

पद्माबाई : पण ती मास्तरीण हसली काहून, म्हणते मी?

संध्या : तिनं विचारलं, सकाळी उठल्यावर काय करतेस. मी चिनीत सांगितलं, दोन ग्लास आग पिते.

पद्माबाई : आग?

संध्या : "शुई" म्हणजे पाणी, आई. मी महिनाभर पाठ केलं, शुई म्हणजे आग आणि आगीचा शब्द, हुओ, म्हणजे पाणी. मोबाईलवर अख्खा क्लास हसला.

रविंद्र : म्हणून म्हणतो, यंदा राहू दे परीक्षा. दुकानात फॉर्मवाल्यांची गर्दी. वरून सगळा वारंगा फाटा तुला चिनीबाई म्हणून राहिला.

संध्या : म्हणू दे. सासर सोडून आले तेव्हा जे म्हणत होते, त्याच्यापेक्षा हे बरं आहे.

पद्माबाई : पण शब्दांची कार्डं तर मीच धरत होते! ही म्हणायची शुई, मी मागं बघायची, "आग" लिव्हलेलं. मी म्हणायची, बराबर. माझंच चुकलं व्हय?

संध्या : तू नीटच वाचलंस. कार्डंच चूक आहेत. क्लास झाल्यावर मी सगळी ताडून पाहिली. एकशे चव्वेचाळीसमधली अठ्ठेचाळीस बरोबर, शहाण्णव चूक.

पद्माबाई : अगं माय!

संध्या : पानावर तीन-तीन कार्डांच्या रांगा. पान उलटून छापलं की डावीकडचं उजवीकडं जातं. पाण्याच्या पाठीवर आग, आगीच्या पाठीवर पाणी. मधलं तेवढं जागेवर राहतं.

रविंद्र : मशीन हाये बाई. होतं असं.

संध्या : शाळेचे पेपर दोन्ही बाजूंनी छापतोस, तेव्हा पहिलं पान उजेडाला धरून बघतोस ना, दादा? माझं नाही बघितलंस?

रविंद्र : गर्दी होती त्या दिवशी.

संध्या : प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात नंबर होता. पुढंही, मागंही. मोबाईलमधल्या फाईलीत अजून आहेत. कार्डांवर एकही नाही.

रविंद्र : कटरमध्ये गेले असतील.

संध्या : एकशे चव्वेचाळीस कार्डांचे?

(झेरॉक्स मशीन थांबतं. रविंद्र पुढचा कागद लावत नाही.)

पद्माबाई : रवी, बोल की.

रविंद्र : बघितलं होतं. पहिल्याच पानावर. पुढं एक, मागं तीन. बाराही पानं छापून झाली होती. म्हटलं, हिचा आठ दिवसांचा नाद. नंबर दिसले तर पुन्हा छाप म्हणेल. म्हणून किनार कापली.

पद्माबाई : अन् महिनाभर आमी तुझ्यासमोर बसून घोकत होतो, ते तू ऐकत होतास?

रविंद्र : रोज सांगावं वाटायचं, आई. मग मनात यायचं, ही पास झाली की चाकणला जाणार. कारखान्यातल्या चिनी साहेबांची दुभाषी. तिथं एकटी राहणार. पुन्हा काही झालं तर?

संध्या : सासरी मार मी खाल्ला. भीती तुला बसली.

रविंद्र : मी तुझ्या भल्यासाठीच...

संध्या : भल्यासाठी मला खोटं पाठ करू दिलंस. ऊठ त्या खुर्चीवरून.

रविंद्र : संध्या, अकरा दिवस राहिले. एकदा डोक्यात बसलेलं निघत न्हाई. पुढच्या खेपेला दे.

संध्या : शहाण्णव चुकीचे शब्द महिन्यात पाठ केले मी. एकही विसरले नाही. माझं डोकं कसं आहे ते कळलं ना तुला? ऊठ.

पद्माबाई : ऊठ रे. अन् परीक्षेला जाताना पुण्याच्या गाडीत मीबी बसते. रस्ताभर कार्डं धरीन.

रविंद्र : बाहेर गिऱ्हाईक उभं हाये.

संध्या : उभं राहू दे. मी महिनाभर फसले, त्यानं अर्धा तास थांबावं.

रविंद्र : मागच्या पानाचा क्रम उलटा लाव. तिसरं ते पहिल्या जागी.

संध्या : लावला. घरूनच करून आणलंय.

रविंद्र : अन् नंबर?

संध्या : मोठे केलेत. कोपऱ्यात नाहीत आता, शब्दाच्या खालीच आहेत.

रविंद्र : ... छापून झालं की कापून देऊ?

संध्या : नको. कात्री आणलीय मी.