गारठलेला चौथा पेला

मंडळी, आजचा प्रश्न दिसायला सोपा! एखाद्याची पारख करायला वेळ किती द्यावा? एक नजर? एक शब्द? एक घोट?

ऐका तर मग. आजचं आख्यान आहे — दचकू नका — बिअरचं! अहो माई, उठताय कुठे? बसा! मी थेंबही चाखलेला नाही. गोष्ट पारखण्याची आहे, पिण्याची नाही. आणि तबलजी, तुम्ही हो कशाला एवढे पुढे सरकलात?

पुण्याबाहेर, मुळशीच्या वाटेवर, बिअर बनवणाऱ्यांची स्पर्धा भरली होती. परीक्षकांत सगळ्यांत ज्येष्ठ भार्गवराव टिपणीस. जीभ म्हणजे सोनाराचा काटा! आणि बाणा एकच — "पहिला घोट खोटं बोलत नाही." एकदा गुण दिले की दिले! आजवर खोडले नाहीत. लोक याला करारीपणा म्हणायचे. भार्गवरावांनाही तसंच वाटायचं. आपल्या हट्टाला आपण दुसरं काय म्हणतो, मंडळी?

त्या दिवशी लाल बिअरची पाळी होती. आता ही लाल कशानं होते? पुढच्या सतरंजीवरच्या बाळांनो, सातू ठाऊक आहे ना? त्याला मोड आणायचे, खरपूस भाजायचे. रंग उतरतो घासलेल्या तांब्याच्या बंबासारखा. चव गोडसर, भाजक्या गुळाची. आणि त्यात घालायची हॉप्स नावाच्या वेलीची फुलं — सुगंधी, पण कडू! म्हणजे काय झालं? मेथीचा लाडू झाला! नुसता गूळ झाला तर मिळमिळीत, नुसती मेथी झाली तर थू! दोघांचा संसार जमला पाहिजे.

स्पर्धेत एक लाल बिअर होती शाल्मली नावाच्या मुलीची. दोन वर्षं खपून जमवलेली. पण ती कामाला होती त्या कारखान्याचे मालक रतनशेठ म्हणाले, "पोरी, लोकांना पिवळी, हलकी लागते. तुझी लाल पहिल्या तिघींत आली तर ठेवू. नाहीतर टाकी रिकामी कर, लाल कायमची बंद!" बिचारी मांडवाबाहेर बाकावर बसली होती. आत कुणाची बिअर कुठली, ते परीक्षकांना ठाऊक नसतं. पेल्यांना फक्त नंबर. तिचा नंबर चार.

आणि इथेच घोटाळा झाला! कुणाच्या पापानं नाही हो, आपल्या पाहुणचारानं! पाहुण्याला गार दिलं की मान राखला, ही आपली रीत. तिथल्या मंडळींनी बाटल्या रात्रभर बर्फात पुरल्या. पेलेसुद्धा बर्फात! वर घाम धरलेले पेले मांडले, आणि म्हणतात कसे, "घ्या साहेब, थंडगार!"

भार्गवरावांनी चौथा पेला नाकाशी नेला. वास नाही. घोट घेतला. "छे! नुसता कडवटपणा. आत काहीच नाही." लिहिले गुण. तळाचे! एक नंबरचा पेला मात्र झुळझुळीत, स्वच्छ. "वा! ही खरी." सगळ्यांत वर.

शेजारी परीक्षक वसईचा आंद्रू. तो आपला पेला दोन्ही तळव्यांत धरून बसलेला.

"काय रे आंद्रू, समई विझेल म्हणून झाकतोयस काय?"

"गारठलीय हो, सर. जरा बोलती होऊ दे."

"बिअर आहे ती, नवी नवरी नाही! मी निकाल देऊन मोकळासुद्धा झालो."

बाळांनो, मला सांगा, बर्फाचा गोळा खाऊन लगेच आंब्याची फोड खाल्ली, तर गोड लागते का? — नाही! ऐकलंत, मंडळी? पोरांना कळतं! गारठ्यात गोडी दडते, सुवास दडतो. मागे काय उरतं? कडूपणा!

इकडे हिशेब जुळवायला वेळ लागला. मांडवात ऊन शिरलं. भार्गवरावांनी गप्पांच्या नादात पाण्याचा म्हणून हात लांबवला, आणि हाती आला दुसराच पेला. ओठांशी नेला नि थबकले. भाजका गूळ! त्यावर मोसंबीच्या सालीचा दरवळ! घोट घेतला. आधी गोडी, मग कडू, आणि शेवटी दोन्ही हातात हात घालून निघालेले. डोळे मिटले गेले म्हाताऱ्याचे.

"ही... ही कुठली?"

"चार नंबर, सर."

"शक्य नाही!"

पण आकडा काचेवर होता. बाण्याचं काय आता? आंद्रू खाली बघत होता — हसू लपवायला की मान राखायला, देव जाणे. कुणीच काही म्हटलं नसतं. आपली चूक फक्त आपल्यालाच ठाऊक असते ना, मंडळी, तेव्हाच खरी परीक्षा असते! भार्गवरावांना आठवत राहिले आजवरचे असे तळाला टाकलेले पेले. किती गारठलेले असतील?

त्यांनी पेन उचललं. चारचे गुण खोडले. मग म्हणाले, "पण एकटीलाच ऊब दिली तर तो न्याय नव्हे. सगळे पेले राहू देत उन्हात. पुन्हा चाखू."

आणि काय गंमत! पहिला, तो झुळझुळीत पेला ऊब लागताच बोलू लागला, तो ओल्या पुठ्ठ्याच्या वासानं! शिळा निघाला! गारठ्यात गुण दडतो, मंडळी, आणि दोषही.

निकाल लागला. चौथा पेला दुसरा आला. पहिला नाही हो, दुसराच! पण लाल टाकी वाचली. शाल्मली पाया पडायला वाकली, तर भार्गवराव मागे सरकले. "पोरी, मी तुला तळाला टाकलं होतं. पाया पडायचं तर उन्हाच्या पड!" आंद्रू पुटपुटला, "आणि सर, समई?" म्हातारा खळखळून हसला. पुढच्या पेल्यापासून पाहावं, तर आधी दोन्ही तळवे पेल्याभोवती!

आता तुमच्याकडे वळतो. घरी नवी सून आली, पहिल्या दिवशी बोलली नाही — "तुसडी आहे!" पोरगं वर्गात उभं राहिलं, शब्द फुटला नाही — "ढ आहे!" अहो, पहिला घोट घेतलात तुम्ही, तोही बर्फातला! ज्याचा निकाल लावून मोकळे झालात, तो कदाचित आत्ता तुमच्या शेजारीच बसला असेल.

बाळांनो, तुम्हाला कुणी घाईनं 'ढ' म्हटलं, तर रडायचं नाही. काय म्हणायचं? "काका, जरा थांबा, मी अजून गारठलोय!" म्हणा पाहू सगळे! — शाब्बास! आता मोठ्यांनी म्हणायचं. तबलजी, पेला विसरा, ठेका धरा —

हाती धरा क्षणभर । मग करावा विचार ॥