भुऱ्याचा कान

माह्या आज्याचा जलम रस्त्यावरचा, गाव कोनतं म्हनून इचारलं तं त्याले सांगताच येत नव्हतं, आमची गोर मानसं, म्हनजे बंजारा, तवा बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान लादून मुलूखभर फिरत, लदेनी म्हनत तिले, अन् लदेनीसंगं कुत्रे चालत. बाच्या वक्ताले ते सारं बंद पडलं, तांडा इथी आर्णीच्या बाजूले बसला, मानसं वावर कराले लागली, पऱ्हाटी, तूर, अन् आता सोयाबीन. पन कुत्रे काही सुटले नाई, तुम्ही आत येता येता पाह्यलेच असतीन, दर घरी दोन-तीन. माहं नाव परसराम. पन तांड्यात येऊन परसराम कोठी राह्यते म्हनून इचारलं असतं तं मानसानं जरासा इचार केला असता, कानकाप्या कोठी राह्यते म्हनलं असतं तं लेकरानंबी घर दाखोलं असतं.

ते बाचंच काम. पिल्लाचे डोये उघडले, ते लुटूलुटू चालाले लागलं, का मानसं त्याले टोपल्यात घालून बापाकडे आनत. बांबूची चिमटी कानाले लावाची, उस्तऱ्यानं एका झटक्यात कान घ्याचा, वरून हळद अन् चुलीतली राख. शेपटीचा शेंडा घेतला का तो ज्याचा कुत्रा त्याच्या उंबऱ्याखाली पुराचा, म्हनजे कुत्रं घर सोडत नाई, असं म्हनत. एक नारळ भेटे, कोनी जवारी देई. मी लहान होतो तवा बाले इचारलं का हे कायले करता, तं बा म्हने, रानडुक्कर पह्यले कान धरते, कानच नाई तं धरन काय. बस, एवढंच सांगतलं. मले पटलं. बापानं सांगतलेलं कोनाले पटत नाई? मंग मीच कराले लागलो अन् चाळीसक वर्सं केलं. माहा हात बापाहून हलका, असं लोकं म्हनत. माह्या हाताचं पिल्लू मेलं नाई, हे मी छाती ठोकून सांगे.

एकडाव तं यवतमाळच्या एका सेठनं जीप पाठोली होती मले न्याले. खोटं नाई सांगत. त्याच्याकडे कोनतं तरी विलायती पिल्लू, काळं, उंच पायाचं, अन् तिथल्या डॉक्टरनं कान कापाले साफ नाई म्हनून सांगतलतं, आता ते चालत नाई म्हने. सेठ मले म्हने, फोटोत असते तसे उभे कान पाह्यजे. आता त्याच्या बंगल्यात कोनतं डुक्कर येनार होतं, तुम्हीच सांगा, पन मीबी इचारलं नाई, जीपमधी बसून गेलतो ना, डोकं फिरलं होतं माहं. कापले. एक उभा राह्यला अन् एक पडला. मंग सेठची जीप काही आली नाई, एसटीनंच आलो वापस.

बरं, मी काय सांगनार होतो, डॉक्टरीन बाईचं. ढोरायच्या दवाखान्यात नवी बाई आलती, पुन्याकडली, वयानं माह्या लेकीएवढी, अन् लसी टोचाले ते तांड्यात आली. मी आंगनात बसलो होतो, माही बायको गोमली पिल्लं धरून, चारचं झालतं, पाचवं मांडीवर होतं. बाई फाटकातून आत आली अन् तिथंच थांबली. मले वाटलं आता बोंबलते. नाई बोंबलली. माह्यापाशी खाली मातीत बसली अन् म्हने, काका, किती दिवसांचं आहे हे? मी सांगतलं. म्हने, याला सगळं कळतंय हो, भूल न देता कापताय तुम्ही, आणि हा गुन्हा आहे, पण ते राहू द्या, मला सांगा कशासाठी कापता?

मी म्हनलं डुकरासाठी. मंग तांड्याचा नायक आला, बाकीचे जमले, अन् मंदिराच्या ओट्यावर असा काही वाद झाला का बाप्पा, लसी राह्यल्या बाजूले. नायक म्हने कान कापला का कुत्र्याले दुरून आयकू येते. बाई म्हने उलट आहे, कानात पाणी जातं, माश्या बसतात, आयुष्यभर कान दुखतो. कोनी म्हने कापलं का कुत्रं तिखट होते. बाई म्हने तिखट नाही होत, घाबरट होतं, घाबरलेलं कुत्रं चावतं, तुम्हाला ते तिखट वाटतं. म्हने शेपूट अन् कान ही त्याची बोली आहे, तुम्ही त्याला मुकं करता. माह्या पोरानं, विलासनं, मोबाईल काढून दाखोला, पाहा म्हने मॅडम, विलायतीत सारेच कान कापून राह्यले. बाई म्हने तिकडेही पुष्कळ देशांत बंदी आहे. पोट्टे हासले. मी मातर चिडलो. मी म्हनलं बाई, तुम्ही पुस्तकात शिकल्या, आम्ही वावरात पाह्यलं, डुकरानं कान धरला का कुत्रं सुटत नाई, हे पुस्तकात लिवलं काय? बाईनं माह्या हातातलं ते पाचवं पिल्लू उचलून घेतलं. मंग म्हने, बरं, हे एक ठेवा. एक वर्ष ठेवा, न कापता. मग मला सांगा.

अन् मी ठिवलं. आता तुम्हाले वाटन म्हाताऱ्याले दया आली. कायची दया? जिद्दीनं ठिवलं. मनात म्हनलं, पह्यल्याच डुकरासमोर याचे कान जातीन, मंग तसंच नेऊन बाईच्या टेबलावर ठिवीन अन् म्हनीन, घ्या तुमचं पुस्तक. या एका इचारानं मी ते पिल्लू घरात ठिवलं. भुरकट रंगाचं होतं म्हनून भुऱ्या.

आता काय झालं ते आयका. भुऱ्या मोठा होऊ लागला अन् माह्या मांगं फिराले लागला. मी वावरात गेलो का वावरात, बांधाच्या धुऱ्यावर बसलो का धुऱ्यावर, चहा पेलो का कपाकडे पाहात बसे. मले लय नवल वाटलं. गोमलीले म्हनलं, हे येडं हाय का काय. गोमली म्हने, येडं नाई, कुत्रं असंच राह्यते, तुमच्याजवळ कोनतं येत नाई म्हनून तुम्हाले माहीत नाई. भाऊ, मी थंडच पडलो. साठी आली होती माही, जलमभर कुत्र्यात राह्यलो, अन् मले ध्यानातच नव्हतं का तांड्यातलं एक कुत्रं माह्याजवळ येत नाई. मी रस्त्यानं निंगालो का ते उठून भिंतीकडे सरकत. मले वाटे मान देऊन राह्यले. हासू नका, खरंच मले तसं वाटे.

मंग मी भुऱ्याले पाहाले शिकलो. कान मांगं गेले का त्याले भेव वाटून राह्यलं, उभे झाले का कोनी येते, एकच हालला का नुसतं आयकते. शेपूट तं बोलेच. मी दुरून धुऱ्यावर दिसलो का कान पडत अन् शेपूट पार कमरेसकट हाले. विलास म्हने बाबा कुत्र्यासंगं बोलते. बोलत होतो, कोनाच्या बापाचं काय गेलं. मी बाईच्या दवाखान्यात जाऊन सांगतलंबी, बाई, बाकीचं मले माहीत नाई पन बोलीचं तुमचं खरं हाय. बाई लय हासली. त्या वर्सी मी उस्तरा हातात घेतला नाई, जो आला त्याले वापस लावला.

मंग बाईची बदली झाली. दूर, कोकनाकडे. दवाखान्यात नवीन कोनी आलं नाई, कंपौंडर येई कवा येई कवा नाई.

अन् तूर शेंगावर आली तवा, सकाळी, तांबडं फुटलं होतं, मी अन् भुऱ्या वावरात गेलो तं तुरीत डुक्कर. एकटं होतं, मोठं, सुळेवालं. मी वरडलो भुऱ्या नोको, पन तो गेलाच होता. अन् डुकरानं तेच केलं, जे बा म्हने, जे मी बाईले ओट्यावर सांगतलं होतं. कान धरला. भुऱ्या गोल गोल फिरला त्याच्या तोंडासंगं, मी काठीनं मारत राह्यलो, मंग सुटला. कान कातडीच्या एका पट्टीवर लोंबत होता. मले काय आठोलं सांगू? मले आठोलं का मी हेच मांगतलं होतं. हेच पाहाले मी त्याले ठिवलं होतं.

दवाखान्याले कुलूप होतं. बाईले फोन लावला तं म्हने काका, दाबून बांधा, यवतमाळला न्या, टाके पडतील, तुम्ही कापू नका, तुम्ही हात लावू नका. पोराची गाडी कापूस विकाले गेलेली, ऑटोवाला म्हने रगताचं कुत्रं नाई नेत, एसटीत कोन बसू देते. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी वास आला अन् किडे दिसले. गोमली म्हने, तुम्हाले येते ना, मंग पाहात काय बसले, ते मरून राह्यलं.

मी उस्तरा काढला. गोमलीनं त्याचं डोस्कं मांडीवर धरलं. लहान पिल्लाची गोष्ट येगळी असते, त्याले कोन हाय ते समजत नाई, निदान मी तसं धरून चालत होतो. याले समजत होतं. तो माह्या तोंडाकडे पाहात होता, उस्तऱ्याकडे नाई. चावला नाई. चावला असता तं बरं झालं असतं, चावाले पाह्यजे होतं त्यानं. एका झटक्यात घेतला, हात तसाच हलका होता माहा, काही इसरला नव्हता.

भुऱ्या वाचला.

तांड्यात मातर माही लय वाहवा झाली. नायक म्हने परसराम, तूच खरा निंगाला, डॉक्टरीनच्या नादी लागून कुत्रं वाया घालोत होता. कोनी म्हने दुसराबी घे, जोडी बराबर कर. साऱ्या तांड्यानं मानलं का मी जिकलो. मी म्हनलं आता माहे हात कापते, मी करत नाई. बरं, तं मी सोडलं म्हनून सुटलं काय? पोट्टे सवताच कराले लागले, मोबाईलमधी पाहून, दाढीच्या ब्लेडनं, कैचीनं. एका वेताचे तीन मेले, रगत थांबलंच नाई. त्यायची माय मानसावानी बोंबलत नाई म्हनून, नाई तं तांड्यात झोप लागली नसती. मंग एक दिवस विलासच टोपलं घेऊन आला. म्हने बाबा, तुम्ही कापा नाई तं मी कापतो. काय करता? मी केलं तं जगते, नाई केलं तं मरते. म्हनलं आन इकडे. आता पुन्हा येते लोकं, नारळ घेऊन. बाई म्हने ते खोटं नव्हतं, बा म्हने तेबी खोटं नव्हतं, अन् मी दोघायच्या मधी उस्तरा घेऊन बसलो हाओ.

बाईचा फोन येते सनासुदीले. पोरगी चांगली हाय, देव तिचं भलं करो. इचारते, काका, भुऱ्या वाचला ना? टाके पडले का यवतमाळला? मी म्हनलं पडले. म्हने कान राहिला? मी म्हनलं राह्यला बाई, दोन्ही हायेत, हालोते. बाई म्हने, बघा, मी म्हटलं होतं ना काका, आणि तुम्ही आता कापत नाही ना? मी म्हनलं नाई, कवाच सोडलं, तुमचंच खरं झालं. मंग तिचा आवाज असा फुलला का, काय सांगू तुम्हाले, मले खोटं बोलल्याचं वाईट वाटलं नाई. एवढ्या मोठ्या मुलुखात एका जनीले तरी वाटू द्या का आपन काही केलं.

तुम्ही लिवून राह्यले, लिवा. तिनं वाचलं तं वाचलं.

भुऱ्या कोनता म्हनता? तो काय, गोठ्यापाशी, एका कानाचा. वावर राखते, गोमलीच्या हातचं खाते, लेकरायसंगं खेळते. तुम्ही बलावलं तं तुमच्याबी जवळ येईन, कोनाच्याबी येते, मायाळू हाय. आता नाई येत, मी इथी हाओ ना. थांबा, मी जरासा घराच्या मांगं जातो, मंग बलावा.