मरोळच्या क्विझमधलं सर्वात उंच शिखर

परदेशातून शिकून आलो आणि पहिलं काम काय केलं, तर मरोळच्या आमच्या सोसायटीत नाताळला क्विझ ठेवली. इतिहास, विज्ञान, भूगोल, नाताळच्या प्रथा, सगळं होतं त्यात. लोकांची घोकंपट्टी मोडायची होती ना मला. बक्षीस प्लम केक.

पेपर तपासले तर सगळ्यांना पैकीच्या पैकी. मी हवेत. मग लक्षात आलं, उत्तरांच्या कागदावर मीच घाईत चुकलो होतो. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर 'साल्हेर' लिहिलं होतं. आणि झाडून सगळ्यांचं उत्तर साल्हेर! तो कागद मी प्रश्नांसोबत झेरॉक्सवाल्याकडे दिला होता, तिथूनच फुटला.

सगळ्यात वाईट वाटलं ते सावंतकाकूंचं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलाय त्यांनी.

"काकू, तुम्हीसुद्धा? कळसूबाई माहीत नाही तुम्हाला?"

"चार वेळा चढून आलेय रे."

"मग साल्हेर का लिहिलंत?"

काकूंनी शांतपणे केकच्या डब्याकडे पाहिलं. "पेपर तू तपासणार होतास. कळसूबाई थोडीच तपासणार होती?"