दोन बोटं जागा

देवरीहून सुटलेल्या बसमध्ये भूमिकाच्या मागच्या सीटवर एका म्हाताऱ्याचा आवाज चढत चालला होता.

"धर्मेंद्र, गाडी घरीच दुरुस्त केली ते ठीक. गिअरबॉक्समंदी मागच्या एक्सलचा शाफ्ट किती घातला?"

"पुरा, काका. ठोकून बसवला."

"दोन बोटं जागा नाही सोडली?"

"हालला असता ना."

"गाडी कुठं होती तवा?"

"विटांवर. चाकं लटकून राहिली होती."

"अरे, माणसं बसली का मागचा एक्सल वर येते, शाफ्ट पुढं सरकते. पुढं जागा नाही तं गिअरबॉक्स फोडून टाकते!"

"मी चालवून पायली. मस्त चालली."

"एकटाच होता ना? आज किती जन गेले?"

"चंदाताई, भाऊजी, दोन पोट्टे... अन् तांदळाचे दोन कट्टे."

"कट्टे कायले?"

"मीच ठेवले. खड्ड्यात गाडी उसळू नये म्हणून."

"फोन लाव."

"लावूनच राहिलो. घाटात लागत नाही."

कंडक्टरनं भूमिकाच्या गावाचं नाव पुकारलं. ती उठली नाही. बस पुन्हा सुटली, तसा मागे फोन वाजला.

"ताईचा हाय."

"मंग उचल ना!"

"तुमी उचला, काका."