डबा हजाराचा, आत साडेपाचशे

…आन् डब्यावर छापल्यालं हजार वॅट, आत निघालं साडेपाचशे, आता ह्येला काय म्हनायचं तुमीच सांगा. परक्यानं फशिवलं असतं तर हासले असते मी, बाजारात कोन फसत न्हाई, पर ह्यो माझ्या माहेरचा मानूस, सख्ख्या भावाचा ल्योक, धैर्यशील, सांगलीत कॉम्प्युटरचं दुकान हाय त्येचं, माझ्या मांडीवर मुतून मोठं झाल्यालं पोर.

तुमाला सांगते, मला अक्षरवळख न्हाई, पर आमची नात क्रांती, तिनं हितं उंब्रजला घरात बसून खेळायचा कॉम्प्युटर जुळवायला घेतला, आन् त्यात चित्रं पळवायची कार्डं दोन. एक न्हाई, दोन. पुन्याच्या कुन्या पोराकडनं जुनी आनल्याली, विटंएवढी एकेक. मी म्हनलं, बाई, एकानं भागत न्हाई व्हय? तर म्हनती कशी, "आज्जी, दोन मिळून वढत्यात, मग खेळ जोरात पळतुया." बरं, वढायचं म्हंजे खायाला पायजे, आन् त्येंचं खानं म्हंजे करंट. भितीतला करंट घिऊन आतल्या सगळ्यास्नी वाढायला एक लोखंडाची पेटी आस्ती, तिला म्हनत्यात पॉवर सप्लाय. म्हंजे घरची सूनच म्हना की, कुनाला किती लागतंय त्ये बघून वाढायचं, आन् कुनी नाव घ्यायचं न्हाई. आता हितं तर तालमीतलं दोन पैलवान एकदम ताटावर बसनार, सून दांडगीच पायजे. क्रांतीनं हिशोब केला, साडेसातशेत कसंबसं भागंल, पर दोगं एकदम उसळलं तर कमी पडंल, तवा हजाराचाच घ्यायचा.

कुठनं घ्यायचा, ह्येच्यावर घरात पंचायत. पोरगी म्हनती ऑनलाइन मागवू. मी म्हनलं, धैर्यशील आस्ताना परक्याच्या दारात कशाला? तवर बाजंवर पेपर वाचत बसल्यालं आमचं सुभेदार, म्हंजे माझं मालक, मिलिट्रीतनं रिटायर झाल्यालं, त्ये म्हनलं, "घ्या की माहेरचा माल. हिच्या बापानं दिल्याला बैल बी सरीत बसायचा." उभा जन्म त्यो बैल ऐकतीया मी. बैल मेला, त्येच्या जागंवर ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टर बी इकून झाला, पर टोमना अजून जित्ता. म्हनून पेटले हट्टाला. म्हनलं, ह्या खेपंला माहेराचं नाव राखायचंच.

गेलो सांगलीला, कॉम्प्युटर रजईत गुंडाळून जीपमदनं. धैर्यशील कसला गोड, "आत्या, तू बस, चहा घे, मी माझ्या हातानं बसवून देतो." बसिवला, झाकन लावलं, रिकामा डबा आन् वर खन-नारळ माझ्या वटीत. त्यो डबा मी शोकेसमदी ठिवला, सुभेदारास्नी दिसंल आसा.

आन् घरी काय? एक कार्ड चालतंय तवर ब्येस, दोन्ही जुपली की टप. अंधार. लाईट गेली म्हनावं तर वर पंखा फिरतुया. पुन्यांदा चालू, पुन्यांदा टप. बाजंवरनं आवाज, "बसला व्हय सरीत?" शेवटी क्रांतीनं झाकन खोललं, पेटीवरची चिठ्ठी वाचली, साडेपाचशे. माझ्याकडं बघितलं पोरीनं, आन् शोकेसमदला डबा उचलून आत नेऊन ठिवला. त्येच लय लागलं. परक्यानं फशिवलं असतं तर हासले असते की मी…

दुसऱ्या दिवशी ती पेटी पिशवीत घातली, वायरी भाईर लोंबत्यात, आन् बसले यष्टीत. शेजारची बाई म्हनती, "मावशी, मिक्सर बिघाडला व्हय?" म्हनलं, "न्हाई बाई, माहेर बिघाडलंय."

दुकानात पेटी आपटली टेबलावर. गिऱ्हाइकं बघाय लागली. म्हनलं, "धैर्या, माझ्या भावाचं रक्त हाय न्हवं तुझ्यात?" पोरगं पांढरंफटक. हाताला धरून मागं नेलं मला, आन् म्हनतंय, "आत्या, मामांचा फोन आला होता." मामा म्हंजे कोन, आवं, माझंच सुभेदार. त्येंनी सांगितल्यालं, "आत ल्हान बसीव, डबा मोठा दे. मशीन बसलं की पोरगी उठंल, पोलीस भरतीला पळाय जाईल. मी नको म्हनलं तर नात रुसती माझ्यावर."

"आन् तू ऐकलंस?"

"जावयाचा शब्द कसा मोडू, आत्या? आजोबांनी शिकवलंय आम्हाला. तुझा हजाराचा ठेवलाय की कपाटात, तुझ्याच नावानं."

घ्या. माझ्याच बापाची शिकवन. म्हंजे सासरनं माहेराचा हात धरून फशिवलं मला, आन् माहेरानं सासरचा मान राखून फशिवलं, मी मधी यष्टीत. परक्यानं फशिवलं असतं तर…

हजाराचा घिऊन घरी आले. वाटंत ठरिवल्यालं, चार मानसांत सांगायचं, बैलाचं तोंड एकदाचं बंद करायचं. उंबऱ्यात पाय ठिवला तर आज्जा-नात एका ताटात भडंग खात बसल्यालं, ती त्येंला मोबाइलवर खेळातली गाडी दाखीवतीया. सांगितलं असतं तर पोरीचा जीव उडाला असता आज्ज्यावरनं. गिळलं. म्हनलं, "धैर्यशीलचीच चूक झाली, बदलून दिला." सुभेदारास्नी एवढंच म्हनलं, "मामांस्नी नमस्कार सांगितलाय त्येनं." पेपर डोळ्यापतोर वर गेला, घंटाभर खाली आला न्हाई. पर दुसऱ्या सकाळी बैल पुन्यांदा जुपलाच.

आता मशीन बसत न्हाई. दोन्ही कार्डं जोडीनं पळाय लागली, जुना खेळ कसला पळतुया. मग परवा क्रांतीनं नवा खेळ आनला, आन् झाकन खोलून आत बघत बसली. म्हनलं, "काय झालं गं?"

"आज्जी, नव्या खेळास्नी एकच कार्ड वळखतंय. दुसऱ्याला कामच न्हाई."

"मग त्ये काय करतंय?"

"बसलंय जागा आडवून. थोडा करंट खातंय, बाकी काय न्हाई."

"काढून टाक की मग."

"आसू दे गं, जोडीनं दिसलं की बरं वाटतंय."

म्या बाजंकडं बघितलं. सुभेदारांनी पेपर पालटला, च्या कवा हुतोय म्हनलं.

म्हनलं, ऱ्हाऊ दे बाई तर मग. आमी बी ठिवलंयच की.